उन्हाळ्याची बेगमी आणि घरचे अर्थशास्त्र

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून दरवर्षी नाना विषयांचा ऊहापोह होतो. राज्याचा अर्थसंकल्प, शेतमालाचे भाव, परराष्ट्रनीती, साहित्यातील नवे प्रवाह हे सारे नाशिककर श्रोता गोदाकाठच्या पटांगणावर बसून संध्याकाळच्या गार वाऱ्यात ऐकतो आणि घरी जाऊन पानावर बसतो. त्या पानात जे वाढलेले असते त्यामागेही एक अर्थसंकल्प असतो, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक व्याख्यानमालेचा हंगाम आणि घरातील वर्षभराच्या सर्वांत मोठ्या उलाढालीचा हंगाम एकच आहे. वैशाखाच्या ज्या दिवसांत संध्याकाळी व्याख्याने होतात, त्याच दिवसांत सकाळी गच्चीवर आणि अंगणात जुनी धोतरे-लुगडी पसरून कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले असतात. वर्षाचा गहू निवडून, ऊन देऊन कोठीत चाललेला असतो. तिखट-हळद कुटून येत असते. या सगळ्या खटाटोपाला आपल्या भाषेत एक नेटका शब्द आहे : बेगमी.

ही बेगमी म्हणजे जिभेचे चोचले नव्हेत. पैसा, धान्य, इंधन, ऋतू, आरोग्य आणि श्रम यांचा मेळ घालणारे ते एक पुरते अर्थशास्त्र आहे. या अर्थशास्त्रातील बहुतेक बाजू आपल्या घरांनी मोठ्या हुशारीने सांभाळल्या. एक बाजू मात्र कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही. ती कोणती, हे शेवटी पाहू. आधी हे शास्त्र आहे तरी कसे ते समजून घेऊ.

शब्द घरचाच

अर्थशास्त्राला इंग्रजीत जे नाव आहे ते ज्या ग्रीक शब्दापासून निघाले, त्याचा मूळ अर्थच ‘घराची व्यवस्था’ असा आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने याच नावाचा एक संवाद लिहिला. त्यात एक गृहस्थ आपल्या तरुण पत्नीला कोठार कसे लावावे, कोणती वस्तू कोठे ठेवावी, वर्षाचा साठा महिन्यात कसा संपू देऊ नये, हे समजावून सांगतो. पुढे राजे आले, व्यापार वाढला, आणि घरातला हा शब्द दरबारात आणि बाजारात जाऊन बसला. तो परत घरी आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने केले. एलन स्वॅलो रिचर्ड्स हे तिचे नाव. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेतून १८७३ मध्ये पदवी घेणारी ती पहिली स्त्री. पाण्याचे आणि अन्नाचे पृथक्करण करता करता तिला असे वाटू लागले की, प्रयोगशाळेतील ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोचले पाहिजे. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे तिच्या पुढाकाराने परिषदा भरू लागल्या आणि ‘गृहअर्थशास्त्र’ हा अभ्यासाचा विषय म्हणून उभा राहिला.

आपल्याकडे महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा गृहव्यवस्था आणि आरोग्य या विषयांना त्यांनी अभ्यासक्रमात जाणीवपूर्वक स्थान दिले. १९३२ मध्ये दिल्लीस लेडी अर्विन कॉलेज निघाले. पाककृतींची पुस्तकेही झाली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० च्या सुमारास आले, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे धरली, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला ते पुस्तक आईच्या जागी झाले.

परंतु पाककृतीच्या पुस्तकात एका वेळचा पदार्थ असतो. वर्षाची आखणी त्यात नसते. गहू कोणत्या महिन्यात घ्यावा, चार पावसाळी महिन्यांत कोरड्यास कशाचे करावे, लाकूडफाटा ओला असेल तेव्हा कोणता पदार्थ लवकर शिजतो, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त राहिले. ते हात जेथल्या मातीत वाढले, त्या मातीकडे आधी पाहिले पाहिजे.

एक जिल्हा, दोन ताटे

नाशिक जिल्ह्याचे अन्न एक नाही. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे तालुके सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर आहेत. तेथे पाऊस धो धो पडतो. उतारावर नागली आणि वरई, सखल खाचरात भात, आणि बांधावर किंवा हलक्या जमिनीत खुरासणी. म्हणून तिकडचे ताट म्हणजे नागलीची भाकर, उडदाचे किंवा कुळथाचे कालवण आणि खुरासणीची चटणी. पूर्वेकडे सिन्नर, येवले, चांदवड, नांदगाव, मालेगाव हा सगळा पावसाच्या छायेतला मुलूख. येथे बाजरीचे राज्य. बाजरीची भाकर, मठाची किंवा हुलग्याची उसळ, लसणाचा ठेचा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचे काळ्या मसाल्यातले कालवण. मालेगावाकडून खानदेशाची सीमा लागते, म्हणून तिकडे आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे. मधला निफाड-दिंडोरीचा पट्टा पाटपाण्याचा. गहू, कांदा आणि आता द्राक्षे तेथली. नाशिक शहर या सर्वांचा बाजार. शहरातील घरांत म्हणूनच एकाच आठवड्यात भाकर, पोळी, भात आणि उपवासाची भगर अशी चारी तऱ्हांची ये-जा असते.

जे जवळ पिकते ते खावे, हा या ताटांचा पहिला नियम. तो गरिबीतून आला असे म्हणून सोडून देता येणार नाही. नागलीचेच पाहा. शंभर ग्रॅम नागलीत चुन्याचा अंश, ज्याला आपण कॅल्शियम म्हणतो, तो सुमारे ३५० मिलिग्रॅम असतो. गव्हात तो ४० च्या आसपास आणि पांढऱ्या सडीक तांदळात १० च्या आसपास. डोंगरातल्या ज्या घरात दुभते जनावर नाही, त्या घरातील पोराची हाडे या भाकरीने धरून ठेवली. बाजरीत लोह शंभर ग्रॅममागे सहा ते आठ मिलिग्रॅम असते. अर्थात जेवढे धान्यात असते तेवढे सगळे अंगी लागत नाही. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे एक द्रव्य असते, ते या क्षारांना बांधून ठेवते. धान्य भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी ते बंधन सैल होते. नागलीला मोड आणून तिचे सत्त्व करणे आणि ते बाळाला व बाळंतिणीला देणे, ही रीत या कारणाने शास्त्रशुद्ध आहे. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा हिरवी मिरची असली की त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. ठेचा केवळ तोंडाला चव आणीत नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

तसेच भाकरीला डाळ-उसळीची जोड. तृणधान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर आहे. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते तृणधान्यात आहे. म्हणून दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. हुलग्याचे शेंगोळे थापणाऱ्या बाईला लायसिन हे नाव ठाऊक नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जे ताट टिकले, ते या कसोटीला उतरणारे होते.

वाळवणाचे शास्त्र

आता उन्हाळी कामांकडे येऊ. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते आणि जून उजाडला की पावसाची चाहूल लागते. म्हणजे वाळवणाला मिळतात जेमतेम सात-आठ आठवडे. ऊन फुकट असते, पण त्याला मुदत असते. कोणते काम कधी, याचे वेळापत्रक म्हणूनच घराघरांत पक्के ठरलेले असे.

कुरडईचे उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे. या तीन दिवसांत ते किंचित आंबतात, दाणा मऊ पडतो आणि त्यातील पिठूळ भाग चिकट प्रथिनापासून सुटा होतो. मग वाटून, फडक्यातून गाळून चीक काढायचा. रात्रभर तो ठेवला म्हणजे खाली बसतो. वरचे आंबूस पाणी ओतून टाकले की उरते शुद्ध पिष्ट. मीठ घातलेल्या आधणात तो सोडून, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचा. हे ढवळणे म्हणजे मनगटाची परीक्षा. मग सोऱ्यातून उन्हात कुरडया घालायच्या. शिजताना पिष्टाच्या कणांनी पाणी पिऊन ते फुगलेले असतात. वाळताना पाणी निघून जाते आणि काचेसारखी कडक जाळी मागे राहते. पूर्ण वाळलेल्या कुरडईतही थोडा ओलावा शिल्लक असतोच. तापलेल्या तेलात पडताच त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते, आणि कुरडई क्षणात चौपट फुलते. मागे उरलेला चोथाही फुकट जात नाही. त्याच्या भुसवड्या होतात. गरम चीक पोरांच्या वाटीत पडतो, ही त्या दिवसाची मजुरी.

वाळवण टिकते का? बुरशी आणि जंतू यांना वाढायला पाणी लागते. पदार्थातील पाणी एका मर्यादेखाली आणले की त्यांचे काही चालत नाही. मीठ उरलेले पाणी बांधून ठेवते, उडदाच्या पापडातील पापडखार हा अल्क पदार्थ पिठाला लवचिकपणा आणि खुसखुशीतपणा देतो, हिंग-मिरी वास आणि चव राखतात. पापड कडक उन्हात एकदम वाळवला तर तडकतो, म्हणून आधी सावलीत आणि मग उन्हात. सांडगे मात्र पहिल्यापासून कडक उन्हात, नाहीतर आत ओल राहून आंबतात. असे बारीक भेद शेकड्याने आहेत आणि त्या प्रत्येकामागे कारण आहे.

आणि हे सारे कशासाठी? आषाढ-श्रावणात डोंगराकडच्या वाटा चिखलाने बंद होत, भाजी मिळत नसे, सरपण ओले असे. अशा वेळी मूठभर सांडगे किंवा भाजलेला पापड कोरड्यास म्हणून कामी येई. उन्हाळ्यातले फुकट ऊन पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवणे, अशी वाळवणाची व्याख्या आम्ही करू. आजचा अभियंता सूर्याची ऊर्जा साठवण्याच्या खटपटीत आहे. आपल्या गच्च्यांवर ते काम धोतराच्या पानावर होत आले.

साठ्याचा हिशेब

आता पैशाची बाजू. गहू शेतातून चैत्र-वैशाखात येतो, तेव्हा बाजारात माल पुष्कळ असतो आणि भाव उतरतो. पुढे जसजसे महिने जातात तसतसा भाव चढत जातो. त्या चढत्या भावात साठवणीचा खर्च, व्याज आणि व्यापाऱ्याचा नफा मिसळलेला असतो. घराने वैशाखात वर्षाचा गहू घेतला म्हणजे साठवणीचे काम घराने स्वतःकडे घेतले आणि तो फरक वाचवला. पाच माणसांचे घर दिवसाला दीड किलो धान्य खाते असे धरले, तर वर्षाला साडेपाच क्विंटल होते. किलोमागे चार-पाच रुपयांचा जरी फरक पडला तरी वाचणारी रक्कम दोन-अडीच हजारांच्या घरात जाते. हे गणित कोणालाही घरच्या वहीवर करून पाहता येईल.

पण साठवणे म्हणजे राखणे आले. गव्हाला आणि डाळीला एरंडेलाचा हात लावणे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, बियाण्याला राख चोळणे, धान्य कडकडीत वाळवून गार झाल्यावरच भरणे, हे सारे कीड रोखण्याचे उपाय. उन्हाळ कांद्याचेही तसेच. पात पूर्ण सुकवून, मान बारीक झाल्यावर, हवा खेळेल अशा चाळीत तो पसरला तर दिवाळीपर्यंत टिकतो. जाड मानेचा कांदा मात्र आधी खाऊन संपवायचा. कोणता माल आधी काढावा आणि कोणता राखावा, हे शिकवायला आज मोठमोठ्या कोठारांत पगारी माणसे लागतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वर्षाची बेगमी करायला एकरकमी पैसा हाती लागतो. ज्याच्या घरी रोजची मजुरी रोज येते, तो वैशाखात पोती घेऊ शकत नाही. त्याला आठवड्याच्या बाजारी, चढ्या भावाने, शेर-दोन शेरच घ्यावे लागे. गरिबाला गरिबी महाग पडते ती अशी. बेगमीचे कौतुक करताना ती सर्वांच्या घरी कधीच नव्हती, हे विसरून चालणार नाही. आणि एखाद्या वर्षी पाऊसच रुसला, तर पोत्यांची घरेही उघडी पडत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ते पाहिले. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी रांगा लावून घेतली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. घराची काटकसर कितीही चोख असली तरी ती एका मर्यादेपर्यंतच तारते. त्यापुढे समाजाला आणि सरकारला यावे लागते.

न लिहिलेली बाजू

आता आरंभी जी बाजू बाकी ठेवली तिच्याकडे वळू.

बाजरीत स्निग्धांश सुमारे पाच टक्के असतो. दाणा अखंड असतो तोवर तो सुरक्षित. पण दळला की दाण्यातीलच एक पाचक द्रव्य त्या स्निग्धांशाला फोडू लागते आणि चार-आठ दिवसांत पीठ कडू होते. म्हणून बाजरीचे पीठ साठवता येत नाही. ते ताजेच हवे. जेथे गिरणी नव्हती तेथे याचा अर्थ एवढाच होता की, घरातील बाईने रोज पहाटे उठून जात्यावर बसायचे. ज्या गोड भाकरीच्या आठवणीने आपण आजही हळवे होतो, तिच्या गोडीचे कारण रसायनशास्त्रात सापडते. तिची किंमत मात्र कोणाच्या तरी पहाटेच्या झोपेत आणि खांद्यांत होती. जात्यावरच्या ओव्या मराठीचे धन आहे, हे खरेच. परंतु त्या ओव्या गाणारीला कोणी विचारले असते, तर तिने ओवी राखली असती आणि जाते टाकले असते, अशी आमची समजूत आहे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा तिला कोणत्याही बाईने नावे ठेवली नाहीत.

वाळवणाचेही असेच. पापड लाटण्याच्या दिवशी शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, अशी ती सावड होती. तिच्यात गप्पा होत्या, सुखदुःख होते. पण पुरुषमाणूस तेथे फार तर वाळत घातलेल्या पापडांवरून कावळे हाकलायला असे. आणि एवढे करून जेवायला सर्वांच्या शेवटी बसणारी, उरेल ते खाणारी, तीच. लोहाने भरलेली बाजरी ज्या घरात पिकते आणि शिजते, त्याच घरातील बाईच्या अंगात रक्त कमी असते, या कोड्याचा एक धागा पंगतीच्या या क्रमात आहे.

या श्रमाचे मोजमाप होऊ शकते का? होऊ शकते. १९३४ मध्ये मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने एक सोपी कसोटी सांगितली. जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येईल, ते उत्पादक काम समजावे. स्वतः जेवणे दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, म्हणून ते काम नव्हे. स्वयंपाक करवून घेता येतो, म्हणून ते काम आहे. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची रीत अशी की, खानावळीतले ताट त्यात धरले जाते आणि घरातले ताट धरले जात नाही. ताट तेच, भाकर तीच, कदाचित करणारी बाईही तीच.

भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१ होते आणि पुरुषांचे शेकडा २६. या २९९ मिनिटांना ३६५ ने गुणले तर वर्षाचे अठराशेहून अधिक तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर ते कामाचे २२७ दिवस झाले. बहुतेक कचेऱ्यांत माणूस वर्षभरात साधारण तेवढेच दिवस काम करतो. कचेरीतल्या माणसाला रविवार, रजा आणि निवृत्ती असते, हा फरक वेगळा.

न्यायालयांनी या श्रमाची दखल घेतली, पण कोठे घेतली ते पाहण्यासारखे आहे. १९८९ मध्ये जमशेदपूर येथे एका समारंभात आग लागून अनेक बायकामुले मृत्यू पावली. त्या प्रकरणी २००१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मूल्य महिना तीन हजार रुपये धरले. जानेवारी २०२१ मध्ये मोटार अपघाताच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने वरील पाहणीचा आधार घेऊन गृहिणीच्या कामाचे मूल्य मोजलेच पाहिजे असे म्हटले. दोन्ही ठिकाणी प्रश्न नुकसानभरपाईचा होता. म्हणजे तिच्या कामाला आकडा लागला तो ती गेल्यानंतर. जिवंतपणी त्या वहीचे पान कोरेच.

तेच हात, तोच पापड, पण हिशेब लिहिला गेला की काय होते, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था त्यातून उभी राहिली. आज हजारो बायका तिच्या सभासद आहेत. पीठ मळलेले मिळते, लाटणे घरी होते, मजुरी मिळते, आणि नफ्यात वाटा असतो. येथे शास्त्र नवे नव्हते. उडीद, पापडखार आणि लाटणे सगळे जुनेच. नवे होते ते वहीतले पान.

पुढे काय राखावे

आज घरे लहान झाली, गच्च्या सामाईक झाल्या, बायका नोकरीवर जाऊ लागल्या. तयार पापड-कुरडया दुकानात मिळतात. पूर्वीची बेगमी जशीच्या तशी चालू राहावी, असा आमचा आग्रह नाही. जो पदार्थ टिकवायला एका बाईला पहाटे चारला उठावे लागते, तो तसा टिकू नये हेच बरे. पण रीत टाकताना तिच्यातला विचार टाकू नये.

काय राखता येईल? पहिले, जवळचे धान्य. आठवड्यातून दोन-तीनदा नागलीची किंवा बाजरीची भाकर नाशिकच्या कोणत्याही घराला अवघड नाही, आणि पीठ थोडे थोडे, ताजे दळून आणणे आता एका फेरीचे काम आहे. दुसरे, ऋतूचा भाव ओळखून खरेदी. एकट्या घराला पोती नको असतील तर चार बिऱ्हाडांनी मिळून शेतकऱ्याकडून गहू घ्यावा. तिसरे, वाळवण थोडे पण घरचे. मीठ आणि तळण बेताने ठेवून. तळण्याऐवजी पापड भाजला तर तेल वाचते आणि प्रकृतीही. चौथे, जाणत्या बायकांकडचे ज्ञान लिहून ठेवणे. माप, दिवस, ऊन, कारण, सगळे. हे काम शाळेतील मुलामुलींनी सुटीत सहज करावे असे आहे.

आणि पाचवे, ज्यासाठी हा सारा लेख. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, विजेचे बिल यांचे रकाने असतात. त्यात एक रकाना वेळेचा घालावा. कोणी किती तास काम केले, ते एक महिनाभर प्रामाणिकपणे लिहून पाहावे. आकडे समोर आले म्हणजे उपदेशाची गरज उरत नाही. मग कदाचित पीठ आणायला मुलगा जाईल, चीक ढवळायला बाप उभा राहील, आणि पंगत एकच बसेल. सर्वांनी मिळून केलेले सर्वांनी मिळून जेवावे, हा हिशेब समजायला कोणते विद्यापीठ लागत नाही. वैशाखातले ऊन तर सर्वांच्याच गच्चीवर सारखे पडते.